नर्मदाबाईंची रुसलेली मांजर

घरातलं कुणी रुसलं तर आपल्याकडं त्यावर एकच औषध आहे. आवडीचं करून वाढायचं! नवरा रुसला की तव्यावर धपाटे टाका, सून रुसली की गुळाची पोळी करा, लेकरू रुसलं की दुकानात न्या. कामून रुसला, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. विचारलं आणि त्यानं खरंच सांगितलं तर पंचाईत व्हायची, त्यापेक्षा वाढलेलं सोपं. परभणीजवळच्या झरी गावात नर्मदाबाईंनीही हेच केलं. फक्त त्यांच्या घरी रुसली होती ती मांजर.

मांजरीचं नाव शेवंती. अंगानं पांढरी, पाठीवर दोन पिवळे ठिपके. नर्मदाबाईंची एकुलती एक लेक मंजुषा लग्न होऊन गंगाखेडला गेली आणि त्याच वर्षी हे पिल्लू अंगणात आलं. यजमान दिनकरराव पोस्टातून रिटायर झालेले. ते दिवसभर पेपरात तोंड घालून बसायचे आणि बायकोच्या बोलण्याला आतूनच हुंकार द्यायचे. म्हणून नर्मदाबाई बोलायच्या त्या शेवंतीशी. भाजी निवडताना, जवारी पाखडताना ती पायाशी असायची. ‘शेवंते’ म्हणून हाक मारली की मान वळवून बघायची, बारीक आवाजात म्यँव करायची. घरात आपलं ऐकणारं एक तरी हाय, याचं नर्मदाबाईंना मोठं समाधान होतं.

आता नर्मदाबाईंचा एक गुण सांगितलाच पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्यांच्या हाताला चव होती आणि जिभेला आग्रह होता. पानावर बसलेल्यानं हात आडवा धरला तर त्या बोटांच्या फटीतून तूप सोडायच्या. पान झाकून वाकला तर बाजूनं पोळी सरकवायच्या. एकदा एक साहेब गावात पंचनाम्याला आले आणि यांच्या घरी जेवले. जेवण झाल्यावर साहेबांना जीपमध्ये चढता येईना, दोघांनी हात देऊन चढवलं. झरीतली माणसं नर्मदाबाईंकडं जेवायला जायचं असलं तर आदल्या दिवसापासून बेतानं खायची. सगळा गाव त्यांचं कौतुक करायचा, आणि बोलावणं आलं की सगळा गाव घाबरायचा.

अशा बाईच्या घरात मांजर असल्यावर काय होणार? शेवंती एकदा पिल्लं झाल्यावर खंगली होती. कुणीतरी सांगितलं, हिला कलेजी द्या, ताकद येती. आता पंचाईत अशी, की नवराबायको दोघंही माळकरी. घरात मांस-मच्छी तर लांबच, कांदासुद्धा एकादशीला नाही. पण नर्मदाबाईंनी तोडगा काढला. माळ आपण घातलीय, मांजरीनं कुठं घातलीय? परसात लिंबाखाली वेगळी चूल मांडली, वेगळं पातेलं आणलं, आणि दिनकररावांना मटणाच्या दुकानावर धाडलं. बिचारे दिनकरराव सदऱ्याची वरची गुंडी लावून, माळ आत दडवून रांगेत उभे राहायचे. गावात बोलवा उठली, की पोस्टमास्तरानं या वयात माळ काढली. कुणाकुणाला ते सांगणार? नर्मदाबाई कलेजी उकडायच्या, मांजरीला घालायच्या आणि मग डोक्यावरून पाणी घेऊनच घरात यायच्या.

शेवंतीला खरंच ताकद आली. अंग भरलं, डोळे चमकायला लागले. तिथंच खरं तर थांबायचं होतं. पण एवढ्याशानं एवढा गुण आला, तर रोज दिल्यावर किती येईल, असा हिशेब आपण सगळेच करतो आणि नर्मदाबाईंनीही तो केला. रोज सकाळी कलेजी सुरू झाली. उरलेली दारातल्या टायगर कुत्र्याला. पाहता पाहता शेवंती दुधाला तोंड लावीना, भाकरीकडं ढुंकून बघेना. कलेजी म्हणजे कलेजी! नर्मदाबाईंना त्यातही कौतुकच वाटायचं.

असं वर्ष-दीड वर्ष चाललं, आणि मग शेवंती रुसली.

म्हणजे झालं असं, की नर्मदाबाईंनी मागून हाक मारली आणि तिनं मान वळवली नाही. पुन्हा मारली, तरी नाही. जागची उठेना, नुसती समोरच्या भिंतीकडं बघत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. पूर्वी ही दिवसभर जीभ फिरवून अंग लख्ख ठेवायची, ते सोडून दिलं. पाठीच्या केसांचे गुंते झाले. बसायची तीही पुढचे पाय वर घेऊन, पाटावरच्या नवरदेवासारखी ताठ. मानेवरून हात फिरवावा तर गुरगुरायची.

“रुसली वं बाई,” नर्मदाबाई म्हणाल्या. “माज्याकडं बघंना झालीय.”

का रुसली, याचा त्यांनी बराच शोध घेतला. आधी दिनकररावांवर आळ आला, की तुमी शिळी कलेजी आणली असंल. मग टायगरला उरलेलं घालतो ते हिला खपत नसंल, असं ठरलं. शेवटी उपाय तोच निघाला. कलेजी वाढवली! एका वाटीच्या दोन वाट्या झाल्या, वर साजूक तुपाचा थेंब. शेवंती ते मिटक्या मारत खायची आणि खाऊन झालं की पुन्हा भिंतीकडं तोंड करून ताठ बसायची. जितकी ती ताठ, तितकी कलेजी जास्त, आणि जितकी कलेजी जास्त तितकी ती ताठ. दिनकररावांनी एकदा पेपरातून तोंड काढून म्हटलं, की हिला दवाखान्यात दाखवावं का. नर्मदाबाईंनी त्यांना उडवूनच लावलं. चांगली पोटभर खायलीय, आजारी जीव असा खातो का?

तसं बघितलं तर त्या दिवसांत नर्मदाबाईंच्या मते आणखी एक जण रुसला होता, तो म्हणजे जावई. योगीराज गंगाखेडला शाळेत मास्तर. पूर्वी महिन्या-दोन महिन्यांनी मंजुषाला घेऊन यायचा. दिवाळीला येऊन गेला आणि त्यानंतर फिरकलाच नाही. फोन केला की शाळेचं काम सांगायचा. दिवाळीत आपल्याकडून पाहुणचारात काहीतरी कमी पडलं, असा नर्मदाबाईंनी निष्कर्ष काढला होता. यंदा जेठ अधिक आलेला, म्हणजे धोंड्याचा महिना. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलवून धोंडे जेवू घालायचे, दिवा ठेवून वाण द्यायचं, ही आपली रीतच आहे. या धोंड्याला जावयाचा असा काही मान करायचा, की रुसवा पळून जाईल, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

पण त्याआधीच एका सकाळी नर्मदाबाईंनी शेवंतीला नेहमीसारखं मानेच्या कातडीला धरून उचललं, आणि ती ओरडली. मांजरीचं ओरडणं आपण ऐकलेलं असतं, पण हे ओरडणं वेगळंच होतं. नर्मदाबाईंनी तिला खाली ठेवलं, तर ती लंगडत जाऊन चुलीमागं दडली. रुसलेलं कुणी असं ओरडत नाही, एवढं त्यांनाही कळलं. त्यांनी पाटीत जुनं लुगडं अंथरलं, शेवंतीला अलगद त्यात ठेवलं आणि चप्पल न घालताच दवाखान्याकडं निघाल्या. दिनकरराव पेपर हातात घेऊन मागोमाग.

गावातला गुरांचा दवाखाना म्हणजे बैल, म्हशी, शेळ्या यांचं राज्य. तिथं पाटीत मांजर घेऊन आलेल्या नर्मदाबाई बघून शेतकऱ्यांची चांगली करमणूक झाली. एकानं विचारलं, किती दूध देती? दुसऱ्यानं विचारलं, औताला कधी जुंपायची? नर्मदाबाईंनी एकाकडंही बघितलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

डॉक्टर धम्मशीला या बदली होऊन नव्यानंच आलेल्या. वयानं मंजुषाएवढ्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी शेवंतीची मान दोन बोटांनी चाचपली. मग खायला काय देता म्हणून विचारलं.

नर्मदाबाईंच्या आवाजात त्याही स्थितीत अभिमान आला. “कलेजी देते बघा. रोज. ताजी.”

“आन् दुसरं काय?”

“दुसऱ्याला तोंड लावत न्हाई. लय लाडाची हाय.”

डॉक्टरबाईंनी पुन्हा एकदा मान चाचपली. परभणीला पशुवैद्यकीय कॉलेजात नेऊन मानेचा एक्स-रे काढून आणा, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी नवराबायको पाटी मांडीवर घेऊन एसटीनं परभणीला गेले आणि फोटो घेऊन आले. डॉक्टरबाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला. मांजरीच्या मानेचे मणके सुटे-सुटे असतात, म्हणून तर ती पाठीमागं वळून बघते. शेवंतीच्या मणक्यांमध्ये नवीन हाड वाढलं होतं आणि त्यानं ते सगळे एकमेकांना जखडून टाकले होते.

“मावशी, ही रुसलेली न्हाई,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हिला मान वळवताच येत न्हाई.”

नर्मदाबाईंनी पाटी जवळ ओढून घेतली. इतके दिवस आपण हिला बोल लावत होतो, माज आलाय म्हणत होतो, आणि ही दुखणं सोसत होती! कशानं झालं हे, असं त्यांनी कसंबसं विचारलं. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं ते असं.

कलेजीत अ जीवनसत्त्व भरपूर असतं. शेळी पाला खाते आणि त्यातून तयार झालेलं अ जीवनसत्त्व आपल्या काळजात, म्हणजे यकृतात, साठवून ठेवते. माणसालाही गाजरातून, पालेभाजीतून ते करून घेता येतं. मांजरीला मात्र ती कला येत नाही, पोतंभर गाजर खाल्लं तरी उपयोग नाही. तिला ते तयारच मिळावं लागतं, उंदरातून, मांसातून. जंगलात ते मिळेल त्या दिवशी मिळणार, म्हणून तिच्या शरीराला साठवून ठेवायची सवय. आपल्या शरीरात काळीज हे जीवनसत्त्व मोजून-मापून, सोबतीला राखणदार देऊन रक्तात सोडतं. मांजरीच्या रक्तात त्यातलं बरंचसं चरबीबरोबर तसंच फिरत राहतं. एवढंतेवढं असेल तर तिला ते सोसतं. रोज वाट्यावर वाट्या ओतल्या तर कोठार भरून वाहायला लागतं, आणि ते सगळं हाडांवर येतं.

दिनकररावांच्या डोक्यात मात्र वेगळाच प्रश्न घोळत होता. पोस्टातला माणूस, आलेलं आणि गेलेलं जुळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी विचारलं, की उरलेली कलेजी टायगर बी खायलाय, मग त्याची मान कशी चांगली? कालच त्यानं मान वळवून माझ्या चपलेचा अंगठा खाल्ला.

डॉक्टरबाई हसल्या. “काका, कुत्र्याला जास्तीचं जीवनसत्त्व लघवीवाटं थोडंफार बाहेर टाकता येतं. मांजरीला ती वाट न्हाई. कणगीत वरून धान्य ओतत राहिलं आन् खाली काढायला भोकच न्हाई, तसं तिचं हाय.”

“म्हंजे आमचा टायगर गावातल्या खांबाखांबावर जीवनसत्त्व सांडत फिरायलाय?”

“तसंच समजा.”

बाहेरचे शेतकरी खो-खो हसले. नर्मदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, शेवंती वाचंल का?

डॉक्टरबाईंनी खोटं बोलून धीर दिला नाही. जखडलेले मणके आता सुटणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण कलेजी आजपासून पूर्ण बंद केली तर पुढची वाढ थांबेल, औषधानं दुखणं कमी होईल आणि ती बरीच वर्षं जगेल. चालू ठेवली तर पुढचे पाय निकामी होतील, आणि मग तिला वाचवणं अवघड. आणखी एक अडचण होती. कलेजीची चटक लागलेलं मांजर दुसरं काही खायला तयार होत नाही. आणि मांजर फार उपाशी राहिलं तर तेही तिच्या जिवावर बेततं. उकडलेली कोंबडी, अंडं असं काहीतरी तिच्या पोटात गेलंच पाहिजे. दोन दिवसांत तिनं काही खाल्लं नाही तर मला बोलवा, असं त्यांनी बजावलं.

लिंबाखालच्या चुलीवर आता कोंबडी शिजायला लागली. गावात नवी बोलवा उठली, की पोस्टमास्तर मटणावरून चिकनवर आला. पण शेवंती त्याला तोंड लावीना. ताटलीचा वास घ्यायची, आणि मान वळत नसल्यामुळं अख्खी फिरून पाठ करून बसायची. नर्मदाबाई ताटली घेऊन तिच्यासमोर यायच्या, ती पुन्हा फिरायची. अशा दोघी अंगणभर गोल फिरल्या. ‘एवढा एकच घास’, ‘माज्यासाठी’, ‘मंजूच्या नावाचा’, असा सगळा आग्रह करून झाला. शेवटी नर्मदाबाईंनी घास तिच्या नाकालाच लावला, तर तिनं पंजा मारून बोटातून रक्त काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेवंतीनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. नर्मदाबाईंचा धीर सुटला. उपाशी मरण्यापेक्षा कलेजी खाऊन लंगडी झाली तरी चालंल, असं म्हणून त्यांनी दिनकररावांना दुकानावर पिटाळलं आणि डॉक्टरबाईंना फोनही केला. दोन्ही एकदम केलं, तुम्हीआम्ही असतो तरी हेच केलं असतं! परिणाम असा झाला, की दिनकरराव काळी पिशवी घेऊन फाटकात आणि डॉक्टरबाई स्कूटीवरून फाटकात, दोघं समोरासमोर आले. दिनकररावांनी पिशवी पाठीमागं लपवली. पाठीमागं टायगर उभा होता. त्यानं ती ओढून नेली आणि तो प्रश्न तिथंच मिटला.

डॉक्टरबाईंनी सगळं बघितलं, पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी शेवंतीला सुई दिली, कातडीखाली सलाईन दिलं. आजचा दिवस निभावेल, पण उद्या हिनं खाल्लंच पाहिजे, म्हणाल्या. मग त्या हात धुऊन ओसरीवर टेकल्या. डॉक्टरीण दारात आलेली, आणि नर्मदाबाई तिला तशीच जाऊ देतील? चहा आला, चिवडा आला, लाडू आला. डॉक्टरबाई म्हणाल्या नको, आत्ताच घरून जेवून आले. नर्मदाबाईंनी चिवडा पुढं सरकवला. त्या पुन्हा नको म्हणाल्या, नर्मदाबाईंनी लाडू बशीत ठेवला. त्या तिसऱ्यांदा नको म्हणाल्या, तर दुसरा लाडू आला.

डॉक्टरबाईंनी बशी खाली ठेवली. “मावशी, मी तीनदा नको म्हणाले. एकदा तरी ऐकू आलं का तुमाला?”

नर्मदाबाई गोंधळल्या. “आवो, नको तर सगळेच म्हनतात की. पाव्हन्यानं नको म्हनावं आन् आपण वाढावं, अशी रीतच हाय.”

“मग ज्याला खरंच नको असंल, त्यानं काय म्हणावं?”

खरंच, काय म्हणावं? सगळ्या जन्मात नर्मदाबाईंनी हा विचार केला नव्हता. नको या शब्दाचा अर्थ आपल्या पंगतीत ‘वाढा’ असा होऊन बसलेला. ज्याला खरोखर नको आहे, त्याच्यासाठी आपण दुसरा शब्दच शिल्लक ठेवला नाही!

डॉक्टरबाई समजुतीनं बोलल्या. शेवंतीनं तर किती परीनं सांगितलं. मान वळवली नाही, अंग चाटायचं सोडलं, हात लावला की गुरगुरली. तुम्ही त्याला रुसवा म्हणालात आणि वाटी वाढवली. तुमची माया खोटी नाही मावशी, पण माया करायची तर समोरच्याला काय सोसतं ते आधी बघावं लागतं. आवडणं वेगळं आणि मानवणं वेगळं. टायगरला सोसलं म्हणून शेवंतीला सोसेल असंही नाही. एकाच घरातली दोन पोटं एकसारखी नसतात. जाताना त्यांनी शेवटचं सांगितलं, की ताटली ठेवा आणि निघून जा. तिच्याकडं बघत बसू नका, बोलू नका, बोट लावू नका.

हे सांगणं सोपं होतं. नर्मदाबाईंना हे जमणं म्हणजे टायगरला भजन म्हणायला सांगण्यासारखंच होतं. संध्याकाळी त्यांनी ताटली ठेवली आणि निघून गेल्या, पण खिडकीतून बघत राहिल्या. शेवंतीनं खिडकीकडं तोंड केलं आणि ताटलीकडं पाठ.

आणि दुसरा दिवस उजाडला तो नेमका धोंड्याचा! बोलावणं आधीच गेलेलं. सकाळच्या गाडीनं मंजुषा आणि योगीराज आले. पुरण वाटायचं, कणीक तिंबायची, धोंडे वळून उकडायचे, वाणाची तयारी करायची, गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकू द्यायचं. ऊन असं, की पत्रा तापून कडकड वाजत होता. त्या गडबडीत नर्मदाबाईंनी परसात कोंबडीची ताटली ठेवली आणि खरोखरच विसरल्या. शेवंतीसाठी जीव तुटत होता, पण बघायला सवडच नव्हती.

योगीराज पाटावर बसला. भोवती रांगोळी, समोर समई, ताटात पुरणाचे धोंडे आणि वर तुपाची धार. गल्लीतल्या बायका ओसरीवर बसून बघत होत्या. धोंड्याच्या जेवणात जावई किती खातो आणि सासू किती वाढते, याची गावात नंतर चर्चा असते. योगीराजनं एक धोंडा कसाबसा संपवला आणि दोन्ही हात ताटावर आडवे धरले. नर्मदाबाई हसल्या. हात आडवे धरले म्हणजे आता खरी सुरुवात. त्या आणखी तूप आणायला मागच्या खोलीत गेल्या आणि परसाचं दार उघडं दिसलं म्हणून सहज बाहेर बघितलं.

शेवंती खात होती.

लिंबाच्या सावलीत, एकटीच. मान ताठ, त्यामुळं तोंड ताटलीपर्यंत न्यायला पुढचे पाय फाकवून सगळं अंग वाकवत होती. एक तुकडा उचलला, थांबली, गिळला, दुसरा उचलला. कुणी घास पुढं केला नव्हता, कुणी शपथ घातली नव्हती. नर्मदाबाईंच्या तोंडात हाक आली होती, ‘खा गं माजी माय, आनखी खा!’ त्यांनी ती गिळली. तुपाचं भांडं छातीशी धरून त्या दाराआड उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. चार तुकडे खाऊन शेवंती थांबली. अर्धी ताटली तशीच राहिली होती. तिला तेवढंच हवं होतं. ती सावलीत जाऊन पसरली.

नर्मदाबाई डोळे पुसून आत आल्या. योगीराजचे हात अजून ताटावर आडवेच होते. त्यांनी परातीतला धोंडा उचलला, सवयीनं त्याच्या बोटांकडं नेला आणि तिथंच थांबल्या. त्यांनी जावयाच्या तोंडाकडं बघितलं. इतक्या वर्षांत वाढताना त्या ताटाकडं बघायच्या, तोंडाकडं कधी बघितलंच नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम होता, डोळे घट्ट मिटलेले. रुसलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. भ्यालेल्या माणसाचं असतं.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “खरंच नको का?”

ओसरीवरच्या बायका पुढं सरकल्या. दिनकररावांनी पेपर खाली ठेवला. योगीराजनं डोळे उघडले. या घरात हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच विचारला गेला होता.

“खरंच नको, मामी. मला शुगर निघालीय. दिवाळीच्या आधीच.”

“मंग सांगितलं कामून न्हाई?”

योगीराजनं मंजुषाकडं बघितलं, मग सासूकडं. “सांगितलं व्हतं की, मामी. दिवाळीतच सांगितलं. तुमी म्हनलात, एका अनारशानं काय व्हतंय. आन् चार वाढले.”

नर्मदाबाईंना ते आठवलं. शब्दन् शब्द आठवला. तो चार अनारसे खाऊन गेला आणि घरी जाऊन दोन दिवस पडून होता, हे मंजुषानं आत्ता सांगितलं. म्हणूनच तो येईनासा झाला होता, आणि तो येत नाही म्हणून मंजुषाचंही येणं थांबलं होतं. लेक दुरावली ती आपल्याच वाढण्यानं! नर्मदाबाईंना एवढी शरम वाटली, की त्या धोंडा हातात धरून तशाच खाली बसल्या. मग त्यांनी तो परातीत परत ठेवला. वाढायला उचललेला घास नर्मदाबाईंनी परत ठेवल्याचं झरी गावानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

ओसरीवरून एक म्हातारी कुजबुजली, की अधिक महिन्याला जावयाचं ताट असं रिकामं ठेवत्यात का, अपशकुन हाय.

नर्मदाबाई तिच्याकडं वळल्या. “काकू, वाण दिलं, दिवा दिला, एक धोंडा जेवला. देवाचं झालं. आता जावयाचं बघू द्या.” आणि योगीराजला म्हणाल्या, “तुमाला काय पाहिजे ते तुमी सांगा. लाजू नका.”

योगीराज लाजलाच. सासरी मागून खायची जावयाला सवय कुठं असते? शेवटी हळूच म्हणाला, “जवारीची भाकर हाय का, मामी? आन् शेंगदाण्याची चटणी? सकाळधरनं भूक लागलीय.”

धोंड्याच्या दिवशी जावयानं भाकर मागितली! बायका पदर तोंडाला लावून हसल्या, मंजुषाही हसली. नर्मदाबाईंनी त्या तापलेल्या दुपारी पुन्हा तवा ठेवला. भाकरी थापली, टम्म फुगली, चटणी आणि काकडी घेऊन त्या आल्या. योगीराजनं ती भाकरी अशी खाल्ली, की इतक्या वर्षांत या घरात त्यानं काही इतक्या सुखानं खाल्लं नसेल. संपत आल्यावर नर्मदाबाईंनी विचारलं, आनखी? तो म्हणाला, अर्धी. नर्मदाबाईंनी भाकर मोडली. मोठा तुकडा आपोआप पुढं जात होता. त्यांनी तो मागं घेतला आणि बरोब्बर अर्धी वाढली. दिनकररावांनी नंतर सांगितलं, की पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोला इतकं अवघड काम करताना आपण बघितलं नव्हतं.

मंजुषा त्या खेपेला चार दिवस राहिली, आणि जाताना पुढच्या महिन्यात यायचं कबूल करून गेली.

शेवंतीचं दुखणं हळूहळू कमी झालं. आता ती कोंबडी, अंडं, कधी मासा खाते. अंगावर हात फिरवू देते. मान मात्र वळली नाही, वळणारही नाही. म्हणून नर्मदाबाई तिला मागून हाक मारत नाहीत. तिच्याशी बोलायचं असलं की भाजीचं ताट घेऊन स्वतःच तिच्या समोर जाऊन बसतात.

मित्रहो, झरीच्या नर्मदाबाईंना हसणं सोपं आहे. पण आपल्या घरी काल कोण नको म्हणालं होतं, ते जरा आठवून बघा. साखर वाढलेले वडील नको म्हणाले असतील, पोट भरलेलं लेकरू म्हणालं असेल, नवी सून भीत भीत म्हणाली असेल. आपण ऐकलं का? आपण म्हणालो, एवढ्यानं काय होतंय! आपण प्रेमानंच म्हणालो, यात शंका नाही. पण त्या घासाचं पुढं काय होतं, तो अंगी लागतो की अंगात साठत जातो, हे खाणाऱ्याच्या शरीराला ठाऊक, वाढणाऱ्याच्या हाताला नाही. म्हणून वाढण्याआधी एकदा तोंडाकडं बघा आणि विचारा, खरंच नको का? आणि उत्तर नको असंच आलं, तर हात मागं घ्या. आपल्या माणसाचं नको ऐकून घेणं हीसुद्धा मायाच आहे.